विश्लेषण : कमी करंटमध्ये चुंबक उलटवण्याच्या शर्यतीत पिएर क्युरींचे नाव का येते?

काही अणूंइतक्या पातळ थरात चुंबकत्व टिकवायचे आणि अगदी थोडा विद्युतप्रवाह सोडून त्याची दिशा बदलायची, यासाठी सध्या जगभरातील अनेक प्रयोगशाळा कामाला लागल्या आहेत. हे जमले तर वीज गेल्यावरही माहिती लक्षात ठेवणारी आणि फारशी न तापणारी मेमरी चिप बनवता येईल. मोबाइलची बॅटरी जास्त टिकेल, डेटा सेंटरचे वीजबिल कमी होईल.

या विषयावरचा कोणताही शोधनिबंध उघडला, तर दोन प्रश्नांना बगल देता येत नाही. हा थर किती तापमानापर्यंत चुंबक राहतो? आणि त्या पदार्थाची रचना विद्युतप्रवाहाला चुंबकाची दिशा ठरवू देते का? पहिल्या प्रश्नाच्या उत्तराला ‘क्युरी तापमान’ म्हणतात. दुसऱ्याचे उत्तर ज्या नियमाने शोधतात, त्याला ‘क्युरींचा सममितीचा नियम’ म्हणतात. दोन्हींत एकाच माणसाचे नाव आहे, पिएर क्युरी.

आपल्याकडे पिएर यांची ओळख बहुतेक वेळा मेरी क्युरींचे पती आणि रेडियमचे सहसंशोधक एवढीच असते. मात्र हे दोन्ही शोध रेडियमच्या आधीचे आहेत. तेव्हा पिएर यांच्याकडे स्वतःची प्रयोगशाळा नव्हती आणि विद्यापीठात मोठे पदही नव्हते.

शाळेत न गेलेला मुलगा

पिएर यांचा जन्म १५ मे १८५९ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील यूजीन क्युरी डॉक्टर होते आणि विचारांनी कट्टर प्रजासत्ताकवादी. १८७१ मध्ये पॅरिसच्या रस्त्यांवर कम्यूनचा लढा पेटला, तेव्हा त्यांनी जखमींवर उपचार केले होते.

धाकटा पिएर एका विषयात शिरला की त्यातून लवकर बाहेर येत नसे. तास वाजला की दुसरे पुस्तक उघडायचे, ही शाळेची शिस्त त्याला झेपणार नाही, हे आईवडिलांनी ओळखले. त्यांनी त्याला शाळेत घातलेच नाही. आई, वडील आणि थोरला भाऊ झाक यांनी त्याला घरीच शिकवले. चौदाव्या वर्षी गणितासाठी एक चांगले शिक्षक मिळाले आणि भूमितीची गोडी लागली. वस्तू मनातल्या मनात फिरवून पाहण्याची सवय तेव्हाची. पुढे स्फटिकांच्या अभ्यासात हीच सवय उपयोगी पडली.

सोळाव्या वर्षी विज्ञानाची प्रवेश पात्रता परीक्षा आणि अठराव्या वर्षी पदवी मिळाली. पुढे शिकायला पैसे नव्हते. १८७८ मध्ये सोरबोन विद्यापीठातील एका प्रयोगशाळेत त्यांनी साहाय्यकाची नोकरी धरली. विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकांची मांडामांड करायची आणि उरलेल्या वेळात स्वतःचे संशोधन, असा दिनक्रम सुरू झाला.

गॅस लायटरमधली ठिणगी आणि क्युरी बंधू

थोरला भाऊ झाक खनिजांच्या प्रयोगशाळेत काम करत होता. काही स्फटिक तापवले की त्यांच्या टोकांवर विद्युतभार दिसतो, हे तेव्हा माहीत होते. दोघा भावांनी पुढचा प्रश्न विचारला. तापवण्याऐवजी स्फटिक दाबला तर?

कोणता स्फटिक घ्यायचा, कोणत्या दिशेने कापायचा आणि कोणत्या दिशेने दाबायचा, हे त्यांनी रचनेवरून आधीच ठरवले. स्फटिकाची एक बाजू दुसऱ्या बाजूसारखीच असेल, तर भार कोणत्या टोकाला जमा व्हावा हे ठरणारच नाही. ज्या स्फटिकाची दोन टोके सारखी नाहीत, तिथेच भार दिसायला हवा. १८८० मध्ये क्वार्ट्झ आणि टूर्मलीनसह अनेक स्फटिकांवर हे सिद्ध झाले. पिएर तेव्हा २१ वर्षांचे होते.

यालाच आज पिएझोइलेक्ट्रिसिटी म्हणतात. स्वयंपाकघरातल्या गॅस लायटरची ठिणगी, भिंतीवरच्या घड्याळातला क्वार्ट्झ आणि सोनोग्राफीचा प्रोब हे सगळे याच तत्त्वावर चालतात. पुढच्याच वर्षी भावांनी उलटा परिणामही दाखवला. स्फटिकाला व्होल्टेज दिले की त्याचा आकार किंचित बदलतो.

या प्रयोगातून पिएर यांच्या मनात एक विचार पक्का झाला. काहीतरी घडायचे असेल तर रचनेत कुठेतरी सारखेपणा मोडलेला असावा लागतो. पुढची १४ वर्षे ते या विचाराला नियमाचे रूप देत होते.

जिन्याजवळची प्रयोगशाळा

१८८२ मध्ये पॅरिस महापालिकेने औद्योगिक भौतिकी आणि रसायनशास्त्राची नवी संस्था सुरू केली. पिएर तिथे प्रात्यक्षिकांचे प्रमुख म्हणून लागले. झाक १८८३ मध्ये अध्यापनासाठी माँपेलिए शहरात गेले आणि दोघा भावांची जोडी तुटली.

पिएर या संस्थेत २२ वर्षे राहिले. पगार बेताचा होता. स्वतःच्या संशोधनासाठी वेगळी खोली नव्हती. विद्यार्थ्यांची प्रयोगशाळा आणि जिना यांच्यामधल्या वाटेवर ते आपली उपकरणे मांडत आणि तिथेच काम करत. वरिष्ठांकडे शब्द टाकावा, ओळखीतून पद मिळवावे, हे त्यांच्या स्वभावात नव्हते.

तरी परदेशात त्यांचे नाव पोहोचले होते. ब्रिटनचे विख्यात शास्त्रज्ञ लॉर्ड केल्विन यांना त्यांच्या उपकरणांत रस होता आणि दोघांचा पत्रव्यवहारही झाला. फ्रान्समध्ये मात्र मोठे पद त्यांच्या वाट्याला येत नव्हते. त्यांनी बऱ्याच वर्षांपर्यंत डॉक्टरेटचा प्रबंधही सादर केला नव्हता.

१८९४ चा नियम नेमका काय सांगतो?

१८९४ मध्ये पिएर यांनी भौतिक घटनांमधील सममितीवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचा गाभा दोन वाक्यांत सांगता येतो. कारणांमध्ये जी सममिती असते, ती परिणामातही दिसते. आणि परिणामात सममिती मोडलेली दिसली, तर ती आधी कारणात कुठेतरी मोडलेली असलीच पाहिजे.

हे समजण्यासाठी एक आरसा आणि एक जाते पुरेसे आहे. आरसा जमिनीवर आडवा ठेवा. त्यावर टोक वर करून उभा केलेला बाण आरशात उलटा, खाली टोक केलेला दिसेल. आता त्याच आरशावर फिरणारे जाते आहे असे समजा. आरशातले जाते मात्र त्याच दिशेने फिरताना दिसेल.

आता आरसा भिंतीला उभा लावा. उभा बाण आरशातही वरच टोक करून दिसेल. जात्याचे मात्र उलट होईल. खरे जाते उजवीकडे फिरत असेल तर आरशातले डावीकडे फिरेल.

म्हणजे बाण आणि जाते यांची आरशातली वागणूक वेगळी आहे. पिएर यांनी दाखवले की विद्युतक्षेत्राची सममिती बाणासारखी आहे आणि चुंबकीय क्षेत्राची सममिती फिरणाऱ्या जात्यासारखी. कागदावर आपण दोन्ही बाणानेच काढतो, त्यामुळे हा फरक लक्षात येत नाही.

त्यातून एक जुने कोडेही सुटते. १८२० मध्ये डेन्मार्कच्या हान्स क्रिश्चन अर्स्टेड यांनी विजेच्या तारेजवळ होकायंत्र ठेवले आणि सुई हलली. तार आणि तिच्याखालची सुई एकाच रेषेत असतील, तर डावी आणि उजवी बाजू सारखीच दिसते. मग सुई एकाच बाजूला का वळते? सुईला साधा बाण मानले तर याचे उत्तर मिळत नाही. ती जात्यासारखी, म्हणजे स्वतःभोवती फिरणारी वस्तू मानली, तर तारेला समांतर धरलेल्या उभ्या आरशात तिचे फिरणे उलटे होते. म्हणजे डावी आणि उजवी बाजू मुळातच सारखी नव्हती.

याच निबंधात पिएर यांनी आणखी एक शक्यता मांडली होती. योग्य तेवढी सममिती मोडलेल्या स्फटिकात विजेने चुंबकत्व आणि चुंबकाने विद्युतभार निर्माण होऊ शकेल, असे त्यांचे म्हणणे होते. प्रत्यक्ष पदार्थात हे दिसायला १९६० साल उजाडले. तो पदार्थ होता क्रोमियम ऑक्साइड.

क्युरी तापमान म्हणजे काय?

त्याच सुमारास पिएर डॉक्टरेटच्या प्रयोगांत गुंतले होते. विषय होता वेगवेगळ्या तापमानांना पदार्थांचे चुंबकत्व. लोखंड तापवले की त्याचे चुंबकत्व जाते, हे पूर्वीपासून माहीत होते. पण किती तापमानाला, किती वेगाने आणि सर्व पदार्थांत सारखेच का, हे नीट मोजले गेले नव्हते.

पिएर यांनी सुमारे २० पदार्थ घेतले. पाणी, क्वार्ट्झ, गंधक, बिस्मथ, ऑक्सिजन वायू, लोखंड, निकेल असे परस्परांशी संबंध नसलेले नमुने त्यात होते. नमुना विजेच्या भट्टीत ठेवायचा, बाजूला मोठा विद्युतचुंबक आणि चुंबकाची ओढ मोजायला अतिशय नाजूक तराजू. काही पदार्थांवरची ओढ इतकी क्षीण होती की हवेची हालचालही मोजमाप बिघडवू शकत होती. भट्टीचे तापमान मात्र १,३०० अंश सेल्सिअसच्या पुढे जात होते.

या मोजमापांतून तीन गट स्पष्ट झाले. पाणी किंवा क्वार्ट्झसारखे पदार्थ चुंबकापासून किंचित दूर ढकलले जातात आणि तापमानाचा त्यांच्यावर जवळपास परिणाम होत नाही. ऑक्सिजनसारखे पदार्थ चुंबकाकडे किंचित ओढले जातात आणि निरपेक्ष तापमान दुप्पट केले की ही ओढ निम्मी होते. हाच ‘क्युरींचा नियम’. तिसरा गट लोखंड आणि निकेलचा. त्यांचे जोरदार चुंबकत्व एका ठरावीक तापमानाला संपते आणि त्यानंतर ते दुसऱ्या गटासारखे वागू लागतात.

हा उंबरठा म्हणजे क्युरी तापमान. लोखंडासाठी ते सुमारे ७७० अंश सेल्सिअस आहे, निकेलसाठी सुमारे ३५८ अंश. वायू दाबून द्रव होतो तेव्हा जे आलेख मिळतात, तसेच आलेख चुंबकाचे दिसतात, हेही पिएर यांच्या लक्षात आले होते. पाण्याची वाफ होणे आणि चुंबकाचे चुंबकत्व जाणे या दोन्हींत काही समान आहे, हा विचार विसाव्या शतकातल्या भौतिकीत फार दूरवर गेला.

मार्च १८९५ मध्ये त्यांनी प्रबंध सादर केला. तेव्हा ते ३५ वर्षांचे होते. परीक्षा ऐकायला बसलेल्यांमध्ये पोलंडहून शिकायला आलेली एक तरुणीही होती.

चुंबकामुळेच झालेली भेट

ती तरुणी म्हणजे मारिया स्क्लोडोव्स्का, पुढच्या मेरी क्युरी. दोघांची भेट १८९४ च्या वसंतात झाली आणि तिचे कारण चुंबकच होते. एका औद्योगिक संस्थेने मेरी यांना वेगवेगळ्या पोलादांचे चुंबकीय गुणधर्म तपासण्याचे काम दिले होते. त्यासाठी लागणारी जागा त्यांच्याकडे नव्हती. ओळखीच्या एका पोलिश प्राध्यापकांनी पिएर यांचे नाव सुचवले. पिएर यांनाच धड जागा नव्हती, पण चुंबकत्व त्यांच्याइतके जाणणारा माणूस पॅरिसमध्ये दुसरा शोधावा लागला असता.

२६ जुलै १८९५ रोजी दोघांचे लग्न पॅरिसजवळच्या सो या गावी झाले. धार्मिक विधी नव्हते. भेट मिळालेल्या पैशांतून दोन सायकली घेतल्या आणि दोघे गावोगाव फिरले. मेरी यांनी पोलादावरचे काम पूर्ण केले. सप्टेंबर १८९७ मध्ये मुलगी आयरीनचा जन्म झाला.

त्यानंतर मेरी यांनी डॉक्टरेटसाठी युरेनियममधून निघणाऱ्या किरणांचा विषय घेतला. त्या किरणांमुळे हवेत निर्माण होणारा अत्यंत सूक्ष्म विद्युतप्रवाह मोजायला त्यांनी वापरले ते क्युरी बंधूंच्या क्वार्ट्झवर आधारलेले उपकरण. मेरी यांचे निष्कर्ष पाहून १८९८ मध्ये पिएर यांनी स्फटिकांचे काम बाजूला ठेवले आणि ते पत्नीच्या संशोधनात सामील झाले. हे तात्पुरते आहे, पुन्हा स्फटिकांकडे वळू, असा त्यांचा बेत होता.

जुलै १८९८ मध्ये पोलोनियम आणि डिसेंबरमध्ये रेडियम जाहीर झाले. पुढची काही वर्षे संस्थेच्या आवारातल्या गळक्या छपराच्या शेडमध्ये खनिज उकळण्यात आणि गाळण्यात गेली. पिएर स्फटिकांकडे कधीच परतू शकले नाहीत.

सन्मान आले, प्रयोगशाळा नाही

१८९८ मध्ये पिएर यांनी सोरबोनच्या एका प्राध्यापकपदासाठी अर्ज केला. तो नाकारला गेला. १९०० मध्ये जिनिव्हा विद्यापीठाने चांगल्या पगाराचे पद आणि प्रयोगशाळा देऊ केली. रेडियमचे काम मध्येच तुटेल म्हणून त्यांनी ती सोडली. १९०२ मध्ये मित्रांच्या आग्रहाखातर ते फ्रेंच विज्ञान अकादमीच्या निवडणुकीला उभे राहिले. रिवाजाप्रमाणे सदस्यांच्या घरोघरी जाऊन भेटी घ्याव्या लागल्या. हे त्यांना मनापासून नकोसे होते आणि शेवटी पराभवच झाला.

सरकारने लीजन ऑफ ऑनर हा किताब देऊ केला, तेव्हा त्यांनी नकार कळवला. आपल्याला पदकाची गरज वाटत नाही, प्रयोगशाळेची मात्र फार गरज आहे, असा त्या नकाराचा आशय होता.

१९०३ च्या भौतिकीच्या नोबेलसाठी फ्रान्समधून गेलेल्या शिफारशीत हेन्री बेकेरेल आणि पिएर क्युरी ही दोनच नावे होती. मेरी यांचे नाव वगळले होते. स्वीडनमधील एका गणितज्ञाने ही गोष्ट पिएर यांच्या कानावर घातली. आपला विचार होत असेल तर मेरी यांचाही सोबतच व्हावा, असे पिएर यांनी कळवले. पुरस्कार तिघांना मिळाला.

त्यानंतर दारे उघडली. १९०४ मध्ये सोरबोनने त्यांच्यासाठी नवे प्राध्यापकपद निर्माण केले. त्यासोबत प्रयोगशाळा नव्हती, ती मागून घ्यावी लागली. शेवटी मिळाल्या त्या दोन-तीन अपुऱ्या खोल्या. १९०५ मध्ये अकादमीचे सदस्यत्वही मिळाले. तोवर सांधेदुखी आणि थकवा यांनी ते बेजार झाले होते.

१९ एप्रिल १९०६ रोजी पॅरिसमध्ये पाऊस पडत होता. दुपारी प्राध्यापकांच्या एका बैठकीहून निघालेले पिएर रू दोफीन हा गजबजलेला रस्ता ओलांडत होते. एका घोडागाडीच्या मागून पुढे येताच ते समोरून आलेल्या मालवाहू गाडीच्या घोड्याला धडकले, पाय घसरला आणि गाडीचे मागचे चाक डोक्यावरून गेले. जागीच मृत्यू झाला. वय होते ४६.

त्यांचे पद मेरी यांना मिळाले आणि सोरबोनमध्ये शिकवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. १९९५ मध्ये दोघांचे अवशेष पॅरिसच्या पॅन्थिऑनमध्ये सन्मानाने हलवण्यात आले.

पिएर यांच्यानंतर चुंबकाचे काय झाले?

क्युरींचा नियम का लागू पडतो, याचे स्पष्टीकरण १९०५ मध्ये त्यांचेच विद्यार्थी पॉल लाँजव्हँ यांनी दिले. १९०७ मध्ये पिएर वाइस यांनी लोखंडाचे चुंबकत्व ठरावीक तापमानाला का संपते, हे समजावणारा सिद्धांत मांडला. शेजारचे सूक्ष्म चुंबक एकमेकांना एकाच दिशेला धरून ठेवतात, उष्णता त्यांना हलवत राहते आणि क्युरी तापमानाला उष्णता जिंकते, असे त्याचे सार.

१९२५ मध्ये इलेक्ट्रॉनला ‘स्पिन’ असते ही कल्पना पुढे आली. प्रत्येक इलेक्ट्रॉन हा स्वतःच एक इवलासा चुंबक आहे. पिएर यांनी चुंबकासाठी फिरण्याची सममिती सांगितली होती, तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोधही लागायचा होता.

पातळ थरांची गोष्ट कुठून सुरू झाली?

२००४ मध्ये ग्राफाइटमधून चिकटपट्टीने एका अणूच्या जाडीचा थर, म्हणजे ग्राफीन, वेगळा काढण्यात आला. वहीची पाने सुटावीत तसे ज्यांचे थर सुटतात, अशा इतर पदार्थांचा शोध मग सुरू झाला. त्यात चुंबकही असतील का, हा प्रश्न होता. थर पातळ झाला की शेजारी कमी होतात, उष्णतेचे पारडे जड होते आणि चुंबकत्व कोसळते, अशी भीती होती.

२०१७ मध्ये उत्तर मिळाले. क्रोमियम ट्राय-आयोडाइडचा एकच थर, जाडी एका नॅनोमीटरहूनही कमी, चुंबक असल्याचे दिसले. अडचण एकच, त्याचे क्युरी तापमान ४५ केल्विन, म्हणजे उणे २२८ अंश सेल्सिअस. मोबाइलमध्ये त्याचा काही उपयोग नाही.

त्यापेक्षा बरा निघाला लोह, जर्मेनियम आणि टेल्युरियम यांचा एक थरदार पदार्थ. संशोधक त्याला ‘एफजीटी’ म्हणतात. जाड तुकड्यात त्याचे क्युरी तापमान सुमारे २२० केल्विन, म्हणजे उणे ५० अंशांच्या आसपास आहे आणि त्यातून वीजही वाहते. जर्मेनियमच्या जागी गॅलियम असलेला त्याचा भाऊबंद २०२२ मध्ये समोर आला. तो ३५० ते ३८० केल्विनपर्यंत, म्हणजे साधारण ७७ ते १०७ अंश सेल्सिअसपर्यंत चुंबक राहतो. खोलीच्या तापमानाला टिकणारा थरदार चुंबक हाती आला.

करंट चुंबक कसा उलटवतो?

एक प्रचलित पद्धत अशी. चुंबकाच्या पातळ थराखाली प्लॅटिनमसारख्या जड धातूचा थर ठेवतात. धातूतून करंट सोडला की वेगवेगळ्या स्पिनचे इलेक्ट्रॉन वेगवेगळ्या बाजूंना ढकलले जातात. एका प्रकारचे स्पिन वरच्या चुंबकात शिरतात आणि त्याला पीळ देतात. पीळ पुरेसा असेल तर चुंबक उलटतो. एक दिशा म्हणजे ०, दुसरी म्हणजे १. २०१९ मध्ये एफजीटी आणि प्लॅटिनम यांच्या जोडीवर हे दाखवण्यात आले.

इथे पुन्हा १८९४ चा आरसा आडवा येतो. चुंबक थराच्या पृष्ठभागाला काटकोनात, म्हणजे वर किंवा खाली तोंड करून आहे असे समजा. करंट सपाट वाहतो आहे. करंटच्या दिशेने एक उभा आरसा धरा. आरशात करंटची दिशा तीच राहते. पण ‘वर’ तोंड असलेला चुंबक, जात्याप्रमाणे, ‘खाली’ झालेला दिसतो. म्हणजे करंटच्या दृष्टीने वर आणि खाली दोन्ही सारखेच. मग तो एकाची निवड करणार कशी?

म्हणून या प्रयोगांत बाहेरून एक लहान चुंबकीय क्षेत्र लावावे लागते. ते ही सममिती मोडते. चिपमधल्या प्रत्येक सूक्ष्म मेमरीसाठी अशी वेगळी सोय करणे अडचणीचे असते.

पिएर यांच्या नियमात याचा दुसरा मार्गही आहे. सममिती पदार्थातच मोडलेली असेल तर बाहेरच्या मदतीची गरज नाही. टंगस्टन डायटेल्युराइड या थरदार पदार्थाच्या पृष्ठभागावर, एका ठरावीक दिशेने करंट सोडला, तर वर सांगितलेला आरसा लागूच पडत नाही. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले की अशा स्फटिकातून वेगळ्या प्रकारचा पीळ मिळतो. २०२२ मध्ये याच स्फटिकाच्या मदतीने, बाहेरचे क्षेत्र न लावता, उभ्या दिशेचा चुंबक उलटवण्यात आला.

एफजीटीबाबत तर आणखी वेगळी गोष्ट समोर आली. त्याच्या एकेका थराची वरची आणि खालची बाजू सारखी असली, तरी थराला केंद्राभोवतीची सममिती नाही. त्यामुळे शेजारी जड धातू नसतानाही त्याच्यातून वाहणारा करंट त्याच्याच चुंबकत्वावर परिणाम करू शकेल, असे २०१९ मध्ये नॉर्वेतील सिद्धांतकारांनी सममितीच्या हिशेबावरून सांगितले. त्यानंतर दक्षिण कोरियातील संशोधकांनी एफजीटीच्या सूक्ष्म तुकड्यांत थोडा करंट सोडला असता चुंबक उलटवायला लागणारे क्षेत्र बरेच कमी होते, असे दाखवले.

कोणता स्फटिक, कोणत्या दिशेने करंट आणि कोणता परिणाम, हे आधी रचनेवरून ठरवायचे आणि मग प्रयोग करायचा. १८८० मध्ये दोघा भावांनी क्वार्ट्झ कापताना हेच केले होते.

मोबाइलमध्ये कधी?

चुंबकावर आधारलेली एमरॅम मेमरी आज बाजारात आहे, पण ती पारंपरिक धातूंच्या पातळ पडद्यांची असते. थरदार पदार्थांपुढे अजून बऱ्याच अडचणी आहेत. चिकटपट्टीने काढलेल्या तुकड्यांवर प्रयोग होतात, कारखान्यात मात्र मोठ्या चकतीवर एकसारखा थर वाढवावा लागेल. यातले काही पदार्थ हवेत खराब होतात.

तिसरी अडचण पिएर यांच्या प्रबंधाच्या विषयाचीच आहे. करंट सोडला की पदार्थ तापतो. क्युरी तापमान जवळ असेल तर नुसत्या तापण्यानेही चुंबकत्व कमकुवत होते. चुंबक करंटच्या पिळाने उलटला की उष्णतेने ढिला पडला, हे प्रत्येक प्रयोगात वेगळे काढून दाखवावे लागते. त्यासाठी आधी त्या थराचे चुंबकत्व वेगवेगळ्या तापमानांना मोजतात. जिन्याजवळच्या जागेत भट्टी आणि तराजू मांडून पिएर यांनी हेच मोजले होते.